मानाची डिस्क

कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर पहिले काही क्षण त्याला काहीच ठाऊक नसतं. विंडोज, फाइली, पासवर्ड, वॉलपेपरवरचा मालकाच्या लेकराचा फोटो, हे सगळं डिस्कवर असतं आणि डिस्क अजून उघडलेली नसते. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये मात्र एक छोटा प्रोग्रॅम कायमचा बसवलेला असतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय, आणि मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौसरच्या दुकानांत दोघांनाही बायोसच म्हणतात. तो आधी मेमरी, कीबोर्ड, पडदा यांची हजेरी घेतो. कीबोर्डची वायर निघालेली असेल तर ‘कीबोर्ड सापडला नाही, पुढे जायला एफ-वन दाबा’ असा संदेश देण्याची सोयही त्याच्यात आहे. दाबायचं कशावर, ते तो सांगत नाही.

हजेरी आटोपली की तो एक यादी काढतो. पहिल्या नावाकडे जातो आणि तिथे काम सुरू करून देणारा प्रोग्रॅम मिळतो का ते पाहतो. नसेल तर दुसऱ्या नावाकडे. या यादीला बूट ऑर्डर म्हणतात आणि तिची रीत पोळ्याच्या तोरणासारखी आहे. तोरणाखाली मानाची बैलजोडी पहिली. मागच्या रांगेत शिंगांना बेगड लावलेली, दुप्पट ताकदीची, कालच बाजारातून आणलेली जोडी उभी असली, तरी तिला थांबावं लागतं. कोणती डिस्क नवी, कोणती मोठी, कोणत्या डिस्कवर मालकाने परवा पैसे घातले, हे बायोस विचारत नाही. मान कोणाचा, एवढंच विचारतो.

पांढुर्णा आणि सौसर या गावांत ही यादी किती महत्त्वाची आहे, ते तिथल्या कोणत्याही ऑनलाइन सेंटरवर कळतं. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे इथे घरातली भाषा मराठी आणि सरकारी कागद हिंदी. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला, सौसर त्यात आलं. पण मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी, जातीचा दाखला, जमिनीच्या खसऱ्याची नक्कल, परीक्षेचा फॉर्म या सगळ्यांचा रस्ता पूर्वीही कियोस्कवाल्याच्या टेबलावरून जात होता आणि आताही जातो. अर्ज भोपाळचा, हार्डवेअर नागपूरचं, टायपिंग कृतिदेव फाँटमध्ये आणि बोलणं मराठीत. अशा टेबलाखालचं मशीन सकाळी दहा वाजता उठलं नाही, तर बाहेरच्या बाकावर बसलेल्या रांगेत तांत्रिक चर्चा सुरू होते.

“काल तं चालत होती ना बे.”

“विंडो उडाली असन.”

“नवीन विंडो मारून घ्या भाऊ, सब ठीक होऊन जाते.”

‘विंडो मारणे’, म्हणजे विंडोज नव्याने टाकणे, हा या भागातला सर्व रोगांवरचा उपचार आहे. प्रिंटर अडकला, नेट मंद झालं, आवाज गेला, तरी विंडो मारतात. उपचार जालीम आहे यात शंका नाही. त्यात रोग राहत नाही आणि डेस्कटॉपवरच्या फाइलीही राहत नाहीत. प्रत्यक्षात अशा सकाळी विंडोज बहुतेक वेळा जागच्या जागी, धडधाकट असतं. त्याला कोणी बोलावलेलंच नसतं.

सर्वांत साधं कारण पेनड्राइव्ह. आदल्या संध्याकाळी कोणीतरी लग्नाचे फोटो प्रिंट करायला आणतो, उरलेले उद्या काढू म्हणून पेनड्राइव्ह तसाच लावून जातो. यादीत यूएसबी वर असेल तर सकाळी बायोस आधी त्या लग्नात शिरतो. जुन्या पद्धतीत तो डिस्कचे फक्त पहिले 512 बाइट वाचतो आणि शेवटचे दोन बाइट ठरलेल्या खुणेचे आहेत का ते पाहतो. ही खूण म्हणजे 55 आणि एए. गंमत अशी की साध्या, फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरही ही खूण बहुधा असते. खूण दिसली की बायोस कारभार त्याच्या हाती देऊन मोकळा होतो आणि परत यादीकडे वळून पाहत नाही. आत हळदीचे चारशे फोटो असतात, विंडोज नसतं. मग काळ्या पडद्यावर ‘डिस्क काढा आणि कोणतंही बटण दाबा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. लोक वाक्याचा उत्तरार्ध अमलात आणतात. बटण दाबतात, तीच ओळ पुन्हा येते. पुन्हा दाबतात, पुन्हा येते. हा खेळ यूपीएसची बॅटरी संपेपर्यंत चालू शकतो.

दुसरी ओळ याहून प्रसिद्ध आहे: ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. यादीतल्या कोणाकडेच काही मिळालं नाही, असा तिचा अर्थ. डिस्कची साटा केबल ढिली झाली की डिस्क यादीतूनच गायब होते आणि ही ओळ येते. कापसाच्या हंगामात या भागात रुईचे तंतू हवेत असतात. ते पंख्यात, पंख्यातून कॅबिनेटमध्ये जातात. मग मालक ब्लोअर मारतो आणि ब्लोअरच्या झोतात, नाहीतर पुसताना लागलेल्या कोपरात, केबल हलते. संध्याकाळी ती पुन्हा कोणी तरी दाबून बसवतो, मशीन उठतं. तेवढ्यात सौसरजवळच्या जामसावळीच्या मारुतीला नारळ बोलला गेला असेल, तर श्रेय कोणाला द्यायचं हा प्रश्न उरत नाही.

तिसरी ओळ सर्वांत खोडकर. डिस्क सापडली नाही की काही मशीन यादीच्या तळाशी असलेल्या नेटवर्ककडे वळतात, म्हणजे दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवरून केबलवाटे विंडोज मिळतं का ते पाहतात. ही सोय मोठ्या कचेऱ्यांसाठी आहे. सौसरच्या मेन रोडवरच्या दुकानात तसं काही मिळत नाही, आणि मशीनच्या नेटवर्क खाचेत केबलच लावलेली नसेल तर पडद्यावर ‘पीएक्सई-ई61, केबल तपासा’ अशी सूचना उमटते. वाचणारा राउटरला येणारी इंटरनेटची केबल तपासतो, ती ठीक दिसते, मग तो फायबरवाल्याला फोन लावतो. फायबरवाला येतो, राउटर बंद-चालू करतो, हिरवा दिवा दाखवतो आणि जातो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. बिचारी हार्ड डिस्क मधल्या मध्ये मरून पडलेली असते आणि तिच्याकडे कोणी पाहतही नाही.

हा सगळा क्रम आला कुठून, हे थोडक्यात सांगता येतं. 1981 साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. फ्लॉपी घातली तर फ्लॉपीवरून, नाहीतर चिपमधल्या बेसिक भाषेत, एवढाच पर्याय होता. 1983 च्या एक्सटी मॉडेलमध्ये 10 एमबीची हार्ड डिस्क आली. आज मोबाइलवरच्या एका बऱ्या फोटोला तेवढी जागा लागते. फ्लॉपींनी ए आणि बी ही अक्षरं आधीच अडवली होती, म्हणून डिस्कला सी मिळालं. फ्लॉपी गेल्या, ए-बी ओसाड पडले, तरी सी तिथेच आहे. पहिला मान फ्लॉपीचा असल्यामुळे मशीनमध्ये विसरलेली फ्लॉपी ही रोगाची वाट झाली. 1986 मध्ये लाहोरच्या दोन भावांनी केलेला ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस याच रस्त्याने जगभर फिरला. पुढे यादी वरखाली करण्याची सोय आली. 1995 मध्ये सीडीवरून मशीन सुरू करण्याचा नियम ठरला. त्याला ‘एल टोरिटो’ म्हणतात. तो ज्या कॅलिफोर्नियातल्या हॉटेलात सुचला, त्या हॉटेलाचं हे नाव, असं सांगतात. चहाच्या टपरीवर ठरलेल्या गोष्टींना हसणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता खरा पेच, म्हणजे दोन डिस्क.

जुना डेस्कटॉप मंद झाला की दुकानदार सांगतो, “एसएसडी लावून घ्या, मशीन पळते.” ते खरं असतं. जुन्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेत असते आणि सुई जागा शोधत फिरते. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. विंडोज उठायला दोन मिनिटं लागत होती, तिथे वीस सेकंद लागतात. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं एसएसडीवर उतरवतात, त्याला क्लोन म्हणतात. काम झाल्यावर जुनी डिस्क काढून ठेवायची असते. पण ती काढत नाहीत. “असू द्या आतमंधी, डाटा आहे,” हे वाक्य मालकाकडून येतं आणि दुकानदारही पेचकस खाली ठेवतो. मशीनच्या पोटात आता एकाच चेहऱ्याच्या, एकाच पासवर्डच्या, एकाच वॉलपेपरच्या दोन डिस्क असतात.

काही महिने बरे जातात. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर2032, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ चालवणं आणि जुन्या बोर्डांवर ही यादी लक्षात ठेवणं, हे त्याचं काम. मशीनला करंट मिळत असला तर सेलवर भार नसतो. पण रात्री दुकान वाढवताना मेन स्विच पाडून जाण्याची इथे शिस्त आहे आणि ती चांगलीच आहे. सेल मात्र त्या शिस्तीत झिजतो. एका सकाळी तो संपतो. बायोस यादी विसरतो, कारखान्यातून निघताना दिलेला मूळ क्रम धरतो, आणि त्यात पहिल्या नंबरच्या साटा खाचेत बसलेल्या डिस्कचा मान पहिला असतो. पहिल्या खाचेत जुनी डिस्क असते. ती आधीपासून होती, म्हणून.

मशीन सुरू होतं. तोच वॉलपेपर, तेच आयकॉन, पासवर्डही चालतो. फक्त क्लोन केल्या दिवसापासून पुढचं काहीच नसतं. अर्जांचे फोल्डर नाहीत, स्कॅन केलेली आधार कार्डं नाहीत, मार्कशीट नाहीत. व्हायरस, मग लाइट, मग दुकानात बसणारा भाचा, या क्रमाने संशय फिरतो. ऑपरेटर कपाळाला हात लावून गिऱ्हाइकांना पुन्हा कागद घेऊन बोलावतो आणि दोन दिवस सगळं नव्याने करतो. हे सगळं अर्थात जुन्या डिस्कवर जमा होतं. तिसऱ्या दिवशी ‘मशीन लई धीमी झाली’ या तक्रारीवर मेकॅनिक येतो, केबली काढून पुसतो आणि हाताला येतील तशा परत लावतो. मान पुन्हा नव्या डिस्ककडे जातो. हरवलेले सगळे अर्ज हजर, आणि दोन दिवसांची नवी मेहनत गुल. मेकॅनिकचा जयजयकार होतो, नंतर लगेच त्याच्याशी भांडण होतं. दोन्ही एकाच चहात उरकतात.

‘दुसरी डिस्क उघडून पाहावं’ हा सल्ला इथे चालत नाही. क्लोन करताना डिस्कची अंतर्गत ओळखही नक्कल होते. दोन डिस्क एकच ओळख सांगत समोर आल्या की विंडोज त्यांतल्या एकीला ऑफलाइन करून ठेवतं. ‘माय कॉम्प्युटर’मध्ये ती दिसतच नाही. ती पाहायला ‘डिस्क मॅनेजमेंट’ नावाच्या खोलीत जावं लागतं, आणि तिथे आपण कोणत्या डिस्कवर बसलो आहोत तेही समजतं: 500 जीबीची असेल तर जुनी, 240 ची असेल तर नवी. एवढं करायचं नसेल तर कान पुरेसा आहे. कॅबिनेटमधून घरघर येत असली आणि विंडोजचा गोल फिरता फिरता चहा येऊन संपत असला, तर मान चुकीच्या डिस्कला गेला आहे.

सेल संपल्याचं आणखी एक लक्षण तारखेत दिसतं. घड्याळ मदरबोर्डच्या जन्मसालाकडे पळतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात 2009 किंवा 2012 उमटतं. तारखेचा फरक या भागाला नवा नाही. पोळ्याची अमावस्या मराठी कॅलेंडरात श्रावणाची असते, शेजारच्या खिळ्यावरच्या हिंदी पंचांगात भाद्रपदाची, आणि दोघांचा पोळा एकाच दिवशी होतो, दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी दगडफेकीची गोटमार जत्राही एकच. वेबसाइट एवढी समजूतदार नसते. तिचं सुरक्षा प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतंच चालतं, आणि 2009 सालच्या मशीनला ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही असं दिसतं. ब्राउझर लाल पाटी दाखवतो, एकही पोर्टल उघडत नाही, आणि बाकावरची रांग ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणून घरी जाते. भोपाळचा सर्व्हर बहुतेक वेळा डाउन असतो हे जरी मान्य केलं, तरी त्या दिवशी तो निर्दोष असतो.

क्रम बदलायची रीत अवघड नाही, फक्त घाईची आहे. बटण दाबल्यावर विंडोजचं चिन्ह येण्याआधी एक ठरावीक की दाबावी लागते. सेटिंगमध्ये जायला बहुतेक डेस्कटॉपवर डिलीट किंवा एफ-टू, एचपीवर एफ-टेन. एकदाच वेगळ्या डिस्कवरून सुरू करायचं असेल तर छोटी यादी उघडणारी की वेगळी: डेल आणि लेनोवोवर एफ-ट्वेल्व्ह, एचपीवर एफ-नाइन, असूसच्या बोर्डांवर एफ-एट. एकदा दाबून चुकते, म्हणून सगळे ती टकटक, टकटक करत धरतात. ही पद्धत अडाणी दिसते, पण बरोबर आहे. विंडोज 8 पासून एक नवी अडचण आली. ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, पुढच्या वेळी लवकर उठावं म्हणून आपली थोडी स्थिती डिस्कवर जपून ठेवतं, आणि की दाबायला फटच उरत नाही. अशा वेळी शिफ्ट धरून ‘रिस्टार्ट’ करावं लागतं.

आत गेल्यावर जुन्या बायोसमध्ये माउस चालत नाही. बाणांनी खाली-वर जायचं, अधिक-उण्याच्या कीने नाव वर चढवायचं. नावंही घरगुती नसतात. ‘एसटी500डीएम002’ म्हणजे सीगेटची 500 जीबी, ‘डब्ल्यूडीसी’ने सुरू होणारं वेस्टर्न डिजिटलचं. ‘नवी’ आणि ‘जुनी’ असं कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून अनेक जण मोठा आकडा बघून पाचशेवाली वर चढवतात, आणि मान जिथून काढायचा तिथेच पुन्हा पक्का करून येतात. काही बोर्डांवर याच्याही वरचा पेच आहे. पहिल्या यादीत ‘हार्ड डिस्क’ असा एकच मान असतो, आणि हार्ड डिस्कांपैकी कोण, याची यादी आणखी एका पडद्याआड, ‘प्रायॉरिटीज’ नावाखाली लपवलेली. बाहेर एसएसडीचं नाव शोधून शोधून माणूस दमतो. तिला तोरणाखाली उभं राहायचं तर आधी घरातल्या घरात मान मिळवावा लागतो. शेवटी एफ-टेन आणि वाय. एस्केप दाबून बाहेर पडलात तर केलेलं सगळं पाण्यात. हे बरेच जण करतात, आणि मग ‘बायोसच खराब आहे’ असं निदान होतं.

नव्या यूईएफआय मशीनमध्ये यादीत डिस्कचं नाव नसून ‘विंडोज बूट मॅनेजर’ असं लिहिलेलं दिसतं. सुरुवातीचा प्रोग्रॅम डिस्कच्या एका लहानशा, बहुधा 100 एमबीच्या कप्प्यात ठेवलेला असतो आणि बोर्ड तो थेट नावाने हाक मारून उठवतो. यातही लोकांनी वाट काढली आहे. जुनी डिस्क न काढता नव्या डिस्कवर ताजं विंडोज टाकलं, तर विंडोज नव्यावर बसतं. पण जुन्यावर तसला कप्पा आधीच असेल तर सुरुवातीचा प्रोग्रॅम अनेकदा तिथेच जाऊन बसतो. रोज सगळं झकास चालतं. पुढे कधी जुनी डिस्क मरते किंवा कोणी ती काढून विकतो, आणि ठणठणीत नवी डिस्क असलेलं मशीन उठत नाही. ‘डाटा नवीन डिस्कवर आहे ना? मग जुनीचं काय काम?’ हा बाकावरचा प्रश्न अगदी रास्त असतो. याचा उपाय एकच: विंडोज टाकताना बाकीच्या सगळ्या डिस्कांच्या केबली काढून ठेवायच्या. चुकलंच असेल तर नव्या डिस्कवर तसा कप्पा करून बीसीडीबूट नावाच्या आज्ञेने सुरुवातीचा प्रोग्रॅम त्यात बसवता येतो. पण दुकानात तोपर्यंत कोणी तरी विंडो मारलेली असते.

म्हणून यादी लावताना एसएसडी पहिली ठेवावी, नेटवर्क बंद करावं, यूएसबी सर्वांत खाली, आणि जुनी डिस्क क्लोन झाल्या दिवशीच बाहेर काढावी. बाहेर काढलेल्या डिस्कला दुकानदार यूएसबीची केसिंग चढवून देतो आणि ती फोटो-पिक्चर ठेवायला उत्तम चालते. मात्र तिच्यावरचं जुनं विंडोज आधी पुसून टाकावं. न पुसता ती रात्रभर मशीनला लावून ठेवली आणि यादीत यूएसबी वर राहिलं असलं, तर सकाळी तीच डिस्क आपलं जुनं विंडोज घेऊन पुन्हा पुढे होते. चिन्ह येतं, गोल फिरतो, आणि साधं विंडोज यूएसबीवरून चालत नसल्यामुळे निळा पडदा येऊन मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. अशा वेळी केसिंगची वायर उपटावी आणि बाकावरच्यांना पाच मिनिटं थांबायला सांगावं.